तीन सेकंदांचा हात

आमच्या वन्संना कारखान्यात ‘दहाबोटी’ म्हणतात. बाहेरच्याला ती शिवी वाटते, पण प्रेसखात्यात तो किताब आहे. तिथे चौदा मशीन आहेत, आणि चौदा मशीनवरच्या माणसांची बोटं एकत्र मोजली तर एकशे चाळीस भरत नाहीत. फोरमनची स्वतःची साडेआठ आहेत. अशा ठिकाणी सत्तावीस वर्षं काढून ज्या बाईला अजून चिमटीत सुई धरून दोरा ओवता येतो, तिला काहीतरी नाव पडणारच.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय छप्पन्न. लग्न झालं होतं, दीड वर्ष टिकलं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर “माल तपासून घेतला नव्हता,” एवढंच सांगतात. तेव्हापासून त्या आमच्याकडे असतात. खरं तर आम्ही त्यांच्याकडे असतो. घराच्या कागदांवर नाव त्यांचं आहे, आणि ते बोलून दाखवायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. डब्याचं झाकण आट्यांवर नीट बसलं नसेल तर त्या ते उघडून पुन्हा लावतात. मी लावलेलं असेल तर माझ्या देखत.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. लोखंडाची पट्टी मशीनखाली ठेवायची, वरून घाव पडतो, पट्टीला तीन भोकं पडतात, ती काढून दुसरी ठेवायची. पुढे तिची दाराची बिजागरी होते. घाव पाडायला मशीनच्या दोन बाजूंना दोन बटणं असतात आणि दोन्ही एकदम दाबावी लागतात. म्हणजे घाव पडताना दोन्ही हात बटणावर, पट्टीखाली नाहीत. ज्यानं कुणी हे शोधून काढलं त्याला कामगार चांगले ओळखता येत होते. पण कामगारांनी त्याला त्याहून चांगलं ओळखलं. एका बटणावर फडकं करकचून बांधलं की ते दाबलेलंच राहतं. मग एका हातानं पट्टी सरकवायची, दुसऱ्यानं बटण दाबायचं. घाव भराभर पडतात, दिवसाचा आकडा एक वाजताच पुरा होतो आणि उरलेला वेळ गप्पांना मिळतो. तेरा मशीनवर अशी फडकी होती. चौदाव्यावर नव्हतं. तिथे वन्सं होत्या. पट्टी, दोन बटणं, घाव. पट्टी, दोन बटणं, घाव. तीन सेकंदांना एक. दर दहाव्या पट्टीला त्या भोकात गेज घालून माप बघतात, तेवढ्यापुरते सहा.

आता माझा मुलगा. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि वाजवतो. काय वाजवतो हे मी नातेवाइकांना बरीच वर्षं ‘गिटार’ असं सांगून वेळ मारून नेली. पण त्या प्रकाराला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. मेटल म्हणजे गिटार, ढोल आणि किंकाळ्या. इंडस्ट्रियल म्हणजे त्यात कारखान्यातले आवाज घालायचे. वन्संना त्यानं हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्ही त्या आवाजासाठी कानात बोळे घालतो, आणि तुम्ही त्याला तिकीट लावता?”

बँडचं नाव ‘निकामी’. चौघं जण, सराव आमच्या गच्चीवरच्या खोलीत. त्यातला जो किंचाळतो तो दिवसा चष्म्याच्या दुकानात असतो आणि अतिशय मऊ आवाजात “आता खालची ओळ वाचा बरं,” असं म्हणतो. एकदा मी नंबर तपासायला गेले तर लाजला.

या मंडळींना पहिला अल्बम काढायचा होता आणि त्यासाठी खऱ्या कारखान्याचा खरा आवाज हवा होता. घरात आत्या होतीच. फोरमनला विचारलं. अल्बमवर आपलं नाव येणार म्हटल्यावर फोरमननं परवानगी तर दिलीच, वर मशीनला तेलपाणी करून घेतलं. माझा मुलगा एका सकाळी आत्याच्या मशीनशेजारी माइक घेऊन बसला. चार मिनिटं रेकॉर्ड केलं. त्यात तिसऱ्या मिनिटाला फोरमन खोकला. तो खोकला राहू दिला.

अल्बमचं नाव त्यांनी ठेवलं ‘तिसरी पाळी’.

“मी पहिल्या पाळीला असते,” वन्सं म्हणाल्या.

“अगं आत्या, पहिली पाळी म्हटलं की डबा आठवतो. तिसरी कशी भयाण वाटते.”

“भयाण काय त्यात? तिसऱ्या पाळीला सगळे झोपलेले असतात.”

पण नाव तेच राहिलं. अल्बम निघाला त्या रविवारी दुपारी त्यानं आम्हाला तिघांना समोर बसवून ऐकवला. माझे मिस्टर पहिल्या गाण्यातच “चहा टाकतो,” म्हणून उठले. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांनी चहा टाकल्याची ही दुसरी वेळ. वन्सं मात्र मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, “हा माझा हात नाही.”

“तुझंच मशीन आहे, आत्या.”

“मशीन माझं आहे. हात माझा नाही. हे कुणीतरी पळतंय.”

“स्पीकरवर तसं वाटतं,” तो म्हणाला आणि लगेच बशीतलं बिस्किट तोंडात घातलं. हा मुलगा लहानपणीही खोटं बोलला की काहीतरी खायचा. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहिलं परीक्षण एका पेपरात आलं, तीन ओळींचं. त्यात म्हटलं होतं की भांड्यांचं कपाट जिन्यावरून घरंगळत खाली यावं तसा हा अल्बम आहे, फक्त कपाट कधीतरी तळाला पोचतं. हा समीक्षक मला मनापासून आवडला. पण मुलगा दोन दिवस जेवला नाही, म्हणून मी तसं म्हटलं नाही.

मग दुसरं आलं. या प्रकारचं संगीत ऐकणारे सगळे जे मासिक वाचतात त्यात, दोन पानं, पाचपैकी साडेचार तारे. ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझा मुलगा मला ओळखू आला नाही. ‘यंत्राच्या जबड्यात अडकलेल्या मानवी आत्म्याचा हुंकार’ असं त्यात होतं. तो हुंकार म्हणजे फोरमनचा खोकला. ‘दर दोन सेकंदांना निर्दयपणे कोसळणारा घाव’ असं होतं. आणि शेवटी असंही होतं: ‘आजकाल सगळं संगणकावर बेतलं जात असताना या ध्वनीला संगणकाचा स्पर्शही झालेला नाही, असं बँड छातीठोकपणे सांगतो. जसं त्या अनाम कामगार स्त्रीनं वाजवलं, तसंच ते आपल्या कानांवर आदळतं. हाच या अल्बमचा प्राण.’

घरात आनंदीआनंद झाला. किंचाळणाऱ्या मुलाच्या आईचा मला फोन आला; आम्ही दोघींनी एकमेकींचं अभिनंदन केलं आणि अल्बमबद्दल एक अक्षर बोललो नाही. एका मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, तेही सगळ्यात शेवटी वाजवायचं. शेवटी वाजवणं हा मान असतो म्हणे. आमच्याकडे शेवटी उरतो त्याला भांडी घासावी लागतात.

आणि फोरमननं एक काम केलं. स्वतःच्या खोकल्याची अशी तारीफ जन्मात कुणी केली नव्हती. त्यानं ती दोन्ही पानं कापली, खोकल्याच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि खात्यातल्या सूचना फलकावर लावली. फलकावर जागा एकच होती, ‘दोन हात, दोन बटणं’ या जुन्या पाटीच्या बरोबर खाली.

कारखान्यात सूचना फलक वाचणारा माणूस एकच असतो आणि तो म्हणजे नवीन आलेला सेफ्टी ऑफिसर. हा चार महिन्यांपूर्वी आला होता. त्यानं वरची पाटी वाचली, खालचं परीक्षण वाचलं, आणि त्याच्या डोक्यात हिशोब झाला. दोन्ही बटणं दाबून काम केलं तर या मशीनवर तीन सेकंदांच्या आत घाव पडत नाही. इथे छापून आलंय दोन. संगणकाचा स्पर्श नाही. जसं वाजवलं तसं. म्हणजे बाईनं बटण बांधलं होतं.

चौदा मशीनच्या खात्यात तेरा मशीनवर फडकी असताना, साहेबांची फेरी येते म्हटलं की ती खिशात जातात ते सोडा, या शहाण्यानं पकडली कुणाला? जिनं स्वतःच्या मशीनवर आयुष्यात फडकं बांधलं नाही तिला. तेही मासिक वाचून. त्याच फलकावर तिसरा कागद लागला: अमुक क्रमांकाच्या कामगारानं सुरक्षा बटण निकामी केल्याचं दिसून येत आहे, तीन दिवसांत खुलासा करावा, तोवर त्यांची बदली पॅकिंगला करण्यात येत आहे. खुलासा पटला नाही तर बदली कायम आणि शेरा सेवापुस्तकात.

त्या दिवशी वन्सं साडेतीनला घरी आल्या तेव्हा त्यांच्या अंगाला तेलाचा वास नव्हता. पुठ्ठ्याचा होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. चप्पल काढली, हात धुतले आणि नेहमीसारखं दहा मिनिटं नखांतून काळं काढत बसल्या. काळं नव्हतंच.

काय झालं ते मी खोदून खोदून काढलं. मग जिन्याखालून हाक मारली, “अरे ए साडेचार तारे! खाली ये.”

तो आला, ऐकलं, आणि फळांच्या टोपलीकडे हात नेला.

“काही खायचं नाही,” मी म्हटलं. “आधी बोल.”

“थोडं ढकललंय, आई.”

“किती?”

“दीडपट. अगं, तीन सेकंद म्हणजे फार होतात. मधल्या वेळात माणूस पाणी पिऊन येईल. ड्रमवाला झोपतो.”

“आणि स्पर्श नाही म्हणून सांगितलंत ते?”

“सगळेच सांगतात.”

वन्संनी एवढंच विचारलं, “म्हणजे तो माझा हात नव्हता ना?”

“नव्हता, आत्या.”

“मग झालं.” आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

पण झालं नव्हतं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या त्या साहेबाला जाऊन सांग. तर म्हणे, सांगितलं तर बाहेर फुटणार. ज्या एका गोष्टीसाठी साडेचार तारे मिळाले तीच खोटी निघाली तर कार्यक्रम जाणार, बँडही जाणार. “आत्याला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पॅकिंगला बसून काम असतं. उलट आरामच आहे,” असं तो म्हणाला. मी हातातली सुरी बाजूला ठेवली, कारण ती हातात असताना उत्तर देणं बरं नव्हतं.

वन्संनी खुलासा लिहून टाकला होता. आधी तारीख, मग क्रमांक, मग एक ओळ: ‘मी बटण बांधत नाही.’ दुसऱ्या दिवशी साहेबानं तो परत केला. “बाई, पुरावा द्या,” म्हणाला. बांधल्याचा पुरावा छापून येतो, न बांधल्याचा कुठून आणायचा?

त्या संध्याकाळी वन्सं गच्चीवर कपडे काढायला गेल्या तेव्हा मी मुलाला स्वयंपाकघरात बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती वन्संनी मला एकदाच सांगितली होती. त्या प्रेसवर लागल्या त्याच वर्षी शेजारच्या मशीनवर त्यांची मैत्रीण होती. हसरी, बोलघेवडी, दोघी एका डब्यात जेवायच्या. मैत्रिणीला एकदा लवकर निघायचं होतं. तिच्या बटणावर फडकं बांधायचं होतं, पण तिला घट्ट गाठ मारता येत नसे. तिनं वन्संना सांगितलं. वन्संची गाठ घट्ट बसते. त्यांनी बांधून दिलं. अर्ध्या तासानं त्या मैत्रिणीची दोन बोटं वन्संनीच रुमालात घेऊन दवाखान्यात नेली, आणि डॉक्टरांनी ती रुमालासकट परत दिली. फडकं कुणी बांधलं हे मैत्रिणीनं कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

“आत्याच्या नावावर आता लिहिलंय की तिनं बटण बांधलं,” मी म्हटलं. “आणि तू म्हणतोस, बसून काम आहे.”

त्यानं फळांच्या टोपलीकडे पाहिलंही नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. फोरमननं सांगितलं आणि मुलानंही सांगितलं. दोघांचं जुळतं, म्हणून खरं धरते.

सकाळी तो मूळ रेकॉर्डिंग घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला. वॉचमननं अडवलं. खात्यात अंगावर धातू चालत नाही. मग दोन्ही कानांतल्या रिंगा, भुवईतली कडी, गळ्यातल्या साखळ्या, मनगटावरचे खिळ्यांचे पट्टे, कवटीची अंगठी आणि कमरपट्ट्याचं बक्कल, सगळं एका पत्र्याच्या डब्यात काढून ठेवावं लागलं. मेटलवाला आत गेला तो एका हातानं पँट धरून.

साहेबानं ऐकलं. घाव तीन सेकंदांनी पडत होता, दहाव्याला सहा. फोरमनचा खोकला आला, अल्बमपेक्षा लांब आणि ओला. “हा खरा माझा,” फोरमन जरा दुखावल्या आवाजात म्हणाला. पण साहेब म्हणाला, “कशावरून? अल्बमात पळवता येतं तसं इथे रेंगाळवता पण येईल.”

मुद्दा बरोबर होता. म्हणून वन्संना पॅकिंगमधून बोलावलं. त्या आल्या, आपल्या मशीनवरच्या टेबलाची धूळ पुसली, कोण बसलं होतं इथे असं तोंड केलं आणि कानात बोळे घातले. साहेबानं स्पीकर त्यांच्या पाठीमागे ठेवला आणि पहिला घाव पडला त्याच क्षणी रेकॉर्डिंग सुरू केलं. वन्संना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आपलं काम केलं. पट्टी, दोन बटणं, घाव. मशीनचा घाव आणि स्पीकरचा घाव एकावर एक पडत गेले. दहाव्याला त्यांनी गेज उचललं, आणि स्पीकरही थांबला. पुन्हा दोघं सुरू. सतराव्या पट्टीचा काठ खरखरीत लागला म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली, तिथे पाऊण सेकंदाचा फरक पडला; तो पुढे शेवटपर्यंत तेवढाच राहिला, वाढला नाही की कमी झाला नाही. बाकीची तेरा मशीन बंद होती. चौकशी आहे म्हटल्यावर फडकी आधीच खिशात गेली होती, आणि फडक्याशिवाय काम करायची सवय गेल्यामुळे सगळे नुसते बघत उभे होते.

“माझ्या अंगावर काटा आला, आई,” मुलगा मला म्हणाला. “बोळे घातलेत तिनं आणि तालातून सुटत नाहीये. आमच्या ड्रमवाल्याला कानात ठोका लावून देतो तरी सुटतो.”

साहेबानं घड्याळ खिशात घातलं. “मला पटलं,” तो म्हणाला. “पण नोटीस कागदावर निघालीय, ती कागदावरच मागे घेता येईल. मासिकात ‘स्पर्श नाही’ छापलंय. बँडनं तसं नाही असं जाहीर लिहावं. ते फाइलला लावतो आणि बाई उद्यापासून मशीनवर.” मग त्याची नजर तेरा मशीनकडे गेली. हातांचे पंजे कुणी कुठे लपवलेत ते त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं. दुसऱ्या दिवसापासून बटणांवर लोखंडी टोप्या बसल्या, फडकं बांधायला जागा उरली नाही, आणि दिवसाचा आकडा पुरा व्हायला तीन वाजायला लागले. त्याबद्दल वन्संशी अर्धं खातं अजून बोलत नाही. वन्सं म्हणतात, गप्पांनी डोकं दुखायचं.

त्या दुपारी दोघं एकत्रच घरी आले. वन्संनी हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. तो फोनवर लिहायला लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: “काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या अल्बममधील यंत्रध्वनीच्या गतीत किंचित बदल...”

“तांत्रिक कारण कुठलं?” वन्सं म्हणाल्या. “मशीन बिघडलं होतं?”

“नाही.”

“मग काढ ते.”

त्यानं काढलं. “यंत्रध्वनीच्या गतीत किंचित बदल झाला आहे.”

“झाला? आपोआप?”

“आम्ही केला.”

“तसं लिही. आणि किंचित म्हणजे किती?”

“आत्या, किंचित म्हणजे... आपलं... वाचणाऱ्याला अंदाज येतो.”

“भोकाचं माप मी किंचित लिहिलं तर दार बसेल का? आकडा लिही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फळांची टोपली उचलून त्याच्यापासून दूर ठेवली. मग त्यानं लिहिलं आणि सावकाश वाचलं: “आम्ही आमच्या अल्बममधला प्रेस मशीनचा आवाज संगणकावर दीडपट पळवला आहे. स्पर्श नाही असं आम्ही सांगितलं ते खोटं होतं. मशीन चालवणाऱ्या बाई दोन्ही बटणं दाबून, तीन सेकंदांना एक, असंच काम करतात.”

“दर दहाव्याला सहा,” वन्सं म्हणाल्या.

“दर दहाव्याला सहा,” त्यानं टाइप केलं.

“हं. पाठव.”

पाठवलं. मी चहा गाळेपर्यंत फोन टेबलावर थरथरायला लागला, एकदा, दोनदा, मग थांबेचना. त्या मासिकातल्या समीक्षकाचंही उत्तर आलं त्यात. तीन तारे परत घेतले म्हणून.

“काय म्हणतायत?” वन्संनी विचारलं.

“शिव्या घालतायत.”

“कुणाला?”

“मला. आम्हाला.”

“नीट बघ. मला कुणी?”

त्यानं अंगठ्यानं वर-खाली करत बराच वेळ पाहिलं. “नाही. तुला कुणी नाही.”

“मग ठीक आहे,” वन्सं म्हणाल्या आणि चहाची बशी त्याच्या पुढ्यात सरकवली.